शामारेल : धबधब्यामागचा कातळ

हिंदी महासागरातील मॉरिशस बेटाच्या नैर्ऋत्य भागात, किनाऱ्यावरून वळणे घेत चढणाऱ्या रस्त्याने वर गेले, की डोंगराच्या कुशीत शामारेल हे छोटेसे गाव लागते, आणि गावाबाहेरच्या खोल, झाडीने भरलेल्या दरीत एका सरळ तुटलेल्या कड्यावरून रिव्हिएर दु काप या नदीचे पाणी खाली कोसळताना दिसते. या धबधब्याच्या उंचीचे आकडे निरनिराळे दिले जातात, परंतु ती साधारण १०० मीटर मानण्याचा प्रघात आहे. निव्वळ उंचीच्या हिशेबात ही काही थक्क करणारी गोष्ट नव्हे, कारण सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरून पावसाळ्यात याहून कितीतरी उंच धारा कोसळत असतात. तरीही मॉरिशसला जाणारा बहुतेक प्रत्येक पर्यटक येथे येतो, कठड्याशी उभा राहून छायाचित्र काढतो आणि पाच-दहा मिनिटांत पुढच्या ठिकाणाकडे वळतो. या घाईत जे निसटते, ते पाणी नसून पाण्यामागचा कातळ होय. ज्वालामुखीतून जन्मलेल्या या बेटाचा लक्षावधी वर्षांचा इतिहास त्या कातळात उघडा पडलेला आहे, आणि त्या इतिहासाचा पहिला अध्याय थेट महाराष्ट्रातच घडलेला आहे.

धबधबा पाहण्यासाठी दरीच्या काठावर बांधीव जागा केलेल्या असून त्यांपैकी एक जागा पायऱ्या चढून गेल्यावर मिळते. प्रेक्षक आणि धबधबा यांच्यामध्ये दरी असल्यामुळे संपूर्ण कडा समोरासमोर, एकाच दृष्टिक्षेपात मावतो. धबधब्याच्या तळाशी उभे राहून मान वर करणाऱ्याला हे दृश्य कधीच मिळत नाही. पाऊस भरपूर असेल तर माथ्यावरून पाण्याच्या जाड धारा सुटतात आणि निम्म्या वाटेवर येईपर्यंत त्यांचे तुषार होतात. कोरड्या महिन्यांत मात्र एखादी बारीक धार कातळाला चिकटून उतरते. पाणी कमी असताना आलेल्या पर्यटकाचा हिरमोड होतो खरा, पण कातळ वाचण्यासाठी तोच काळ अधिक सोयीचा असतो, कारण तेव्हा कड्याचे आडवे थर, त्यांच्या सांधीत रुजलेली झुडपे आणि ओलीमुळे काळवंडलेले पट्टे स्पष्ट दिसतात. दरीच्या पोकळीत बऱ्याचदा लांब शेपटीचे पांढरेशुभ्र पक्षी घिरट्या घालत असतात. हा उष्ण कटिबंधातील समुद्रपक्षी असून स्थानिक लोक त्याला ‘पाय-आं-क’ म्हणतात. तो समुद्रावर मासे पकडतो आणि अंडी घालण्यासाठी मात्र अशा उभ्या कड्यांच्या कपारींचा आश्रय घेतो, म्हणूनच किनाऱ्यापासून आत असलेल्या या दरीत त्याचा वावर असतो.

कडा समजून घ्यायचा तर आधी बेट कसे घडले हे पाहावे लागते. मॉरिशस हे संपूर्णपणे लाव्ह्याने, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून बाहेर आलेल्या वितळलेल्या खडकाने रचलेले बेट आहे. सुमारे ९० लाख वर्षांपूर्वी समुद्रतळावर साचत गेलेला लाव्हा पाण्याच्या पृष्ठभागावर आला आणि त्यातून एक पसरट, विस्तीर्ण पर्वत उभा राहिला. असा पर्वत दुरून पालथ्या ठेवलेल्या ढालीसारखा दिसत असल्यामुळे भूशास्त्रज्ञ त्याला ढाल-ज्वालामुखी म्हणतात. त्याचा लाव्हा पातळ असल्याने तो शंकूसारखा साचत नाही, तर दूरवर वाहत जातो. या पहिल्या कालखंडाचा लाव्हा सुमारे ५० लाख वर्षांपूर्वीपर्यंत येत राहिला. त्यानंतर ज्वालामुखी दीर्घकाळ शांत झाला, पर्वताचा मधला भाग खचला, पावसाने उरलेले अंग झिजवले आणि दऱ्या कोरल्या. सुमारे ३५ लाख वर्षांपूर्वी पुन्हा उद्रेक सुरू होऊन ते साधारण १७ लाख वर्षांपूर्वीपर्यंत चालले, आणि आणखी एका विश्रांतीनंतर गेल्या १० लाख वर्षांत तिसरा कालखंड येऊन गेला, ज्याचे सर्वांत ताजे प्रवाह काही दहा हजार वर्षांपूर्वीचे आहेत. आज मॉरिशसवर कोणताही जागृत ज्वालामुखी नाही. क्युरपिप शहरातील त्रू-ओ-सेर्फ हे वाटोळे विवर आणि हिंदू यात्रेकरू ज्याला गंगा तलाव म्हणतात ते ग्रां बासँ हे विवरातले सरोवर, या तिसऱ्या कालखंडाच्या खुणा होत.

त्या पहिल्या प्रचंड पर्वताचे काय उरले, हा प्रश्न चार्ल्स डार्विन यांनाही पडला होता. ‘बीगल’ जहाजाच्या प्रवासात १८३६ च्या एप्रिल-मे महिन्यांत ते येथे काही दिवस थांबले, पोर्ट लुईमागचा ल पूस हा डोंगर चढले आणि बेटाच्या कडेने उभ्या असलेल्या डोंगररांगा म्हणजे एका मूळ विशाल पर्वताचे तुटक अवशेष असावेत असे त्यांनी ज्वालामुखी बेटांवरील आपल्या १८४४ च्या ग्रंथात मांडले. (याच मुक्कामात त्यांना बेटावरच्या एकमेव हत्तीवर बसण्याची संधीही मिळाली, आणि तो हत्ती बेटाच्या भूमापन-प्रमुखाच्या मालकीचा होता.) वायव्येची मोका रांग, पूर्वेची बांबू रांग आणि नैर्ऋत्येचा ब्लॅक रिव्हर–साव्हान पट्टा हे ते अवशेष असून त्यांच्या मधल्या खोलगट भागात पुढच्या दोन कालखंडांचा लाव्हा भरत गेल्यामुळे आजचे सपाट मध्यवर्ती पठार तयार झाले. बेटावरचे सर्वोच्च शिखर, ८२८ मीटर उंचीचे पितों द ला पतित रिव्हिएर न्वार, याच नैर्ऋत्य पट्ट्यात, शामारेलपासून जवळच आहे.

शामारेलच्या कड्याचे वैशिष्ट्य असे, की त्यात जुना आणि त्यानंतरचा असे दोन्ही लाव्हे एकावर एक बसलेले आहेत. कड्याचा खालचा भाग पहिल्या कालखंडातील, तर वरचा दुसऱ्या कालखंडातील आहे. या दोहोंच्या सांध्याशी डोळा थांबवला, तर दहा-पंधरा लाख वर्षांचा तो काळ एका रेषेत सामावलेला दिसतो ज्या काळात येथे लाव्हा आला नाही, केवळ पाऊस पडत राहिला, खडक कुजून माती झाली आणि त्या मातीवर बहुधा अरण्येही वाढली. नंतर आलेल्या लाव्ह्याने ती भूमी झाकली. सह्याद्रीच्या घाटात रस्ता खोदलेल्या ठिकाणी काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये विटकरी रंगाचा पट्टा ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही. दोन उद्रेकांमधल्या विश्रांतीत तयार झालेली आणि वरच्या लाव्ह्याखाली भाजून निघालेली ती जुनी माती असते.

एवढ्यावरून धबधबा का पडतो हेही उलगडते. थंड होऊन घट्ट झालेल्या लाव्ह्याचा प्रत्येक प्रवाह सर्वत्र सारखा कठीण नसतो. त्याचा मधला भाग भरीव आणि टणक असतो, तर माथ्याचा आणि तळाचा भाग वायूचे बुडबुडे अडकून राहिल्यामुळे सच्छिद्र आणि ठिसूळ राहतो. नदी जेव्हा अशा थरांच्या उतरंडीवरून वाहते, तेव्हा कठीण थर टिकतो आणि त्याखालचा मऊ थर आधी खचतो. वरून आदळणारे पाणी पायथ्याशी खोल डोह कोरते, डोहातले भोवरे कड्याचा पाया पोखरतात, आणि आधार गेलेला वरचा कातळ कधीतरी तुटून खाली येतो. त्यामुळे कडा उभाच राहतो, पण तो हळूहळू नदीच्या उगमाकडे सरकत जातो. शामारेलसमोरची दरी ही त्या माघारीची वाट आहे. प्रेक्षक आज जिच्या पलीकडून धबधबा पाहतो ती पोकळी पाण्याने स्वतःच मागे हटत मोकळी केलेली आहे. लाव्हा थंड होताना आकुंचन पावून त्यात उभ्या भेगा पडतात, आणि या भेगांमुळे कातळ तिरका न ढासळता सरळ उभ्या पाट्यांनी तुटतो, हेही कडा इतका ताठ असण्याचे एक कारण आहे.

प्रत्येक ज्वालामुखी बेटावर असे धबधबे असतातच असे मात्र नाही. अगदी ताजा लाव्हा इतका भेगाळलेला असतो, की पडलेला पाऊस नदी होऊन वाहण्याऐवजी सरळ जमिनीत मुरतो; मॉरिशसच्या उत्तरेकडील सपाट भागात तिसऱ्या कालखंडाचा लाव्हा असून तेथे वाहत्या नद्या म्हणूनच विरळ आहेत. उलट फार जुने बेट झिजून बसके होते आणि पाण्याला कोसळायला उंचीच उरत नाही. धबधब्यांना मधले वय मानवते.

आता या सर्व लाव्ह्याचा उगम कोठे आहे, या प्रश्नाकडे वळता येईल. बहुसंख्य भूशास्त्रज्ञांच्या मते मॉरिशसच्या नैर्ऋत्येस साधारण दोनशे किलोमीटरवर असलेल्या रेयुनियों बेटाखाली पृथ्वीच्या प्रावरणात, म्हणजे बाहेरच्या कवचाखालच्या जाड थरात, एक अतितप्त ठिकाण आहे, ज्याला तप्तबिंदू म्हणतात. खालून वर येणाऱ्या उष्ण द्रव्याचा हा झोत बराचसा जागच्या जागी राहतो, मात्र वरचे भूकवच ज्या प्रचंड तबकांचे बनलेले आहे ती सतत सरकत असतात. चुलीवरून सावकाश ओढत नेलेल्या पत्र्याला जागोजाग करपल्याच्या खुणा पडाव्यात, त्याप्रमाणे सरकत्या कवचावर ज्वालामुखींची एक माळ उमटत जाते आणि त्या माळेतला सर्वांत नवा मणी चुलीच्या बरोबर वर असतो. रेयुनियोंवरील २,६३२ मीटर उंचीचा पितों द ला फुर्नेझ हा जगातील सर्वाधिक सक्रिय ज्वालामुखींपैकी एक आहे. त्याच्या आधीचा मणी म्हणजे मॉरिशस. त्याहून जुने मणी ईशान्येकडे आणि उत्तरेकडे समुद्राखाली बुडालेले असून ही माळ पुढे चागोस, मालदीव आणि लक्षद्वीप यांच्या खालच्या ज्वालामुखी कण्याने वर चढत भारताच्या पश्चिम किनाऱ्याशी येऊन पोहोचते. १९८७ मध्ये समुद्रतळाला छिद्रे पाडून या कण्याच्या वेगवेगळ्या भागांतील खडकांचे नमुने काढण्यात आले, तेव्हा दक्षिणेकडून उत्तरेकडे जावे तसे त्यांचे वय वाढत जाते असे आढळले.

माळेच्या उत्तर टोकाला दख्खनचे पठार आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारतीय भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता आणि उत्तरेकडे वेगाने सरकत असताना त्याचा पश्चिम भाग या तप्तबिंदूवर आला. त्या वेळी जो लाव्हा बाहेर पडला तो एखाद्या पर्वतातून नव्हे, तर जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून पसरला, आणि त्याचे थरावर थर साचून आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर उरलेला काळ्या कातळाचा प्रदेश तयार झाला. महाबळेश्वरच्या परिसरात या थरांची उघडी दिसणारी जाडीच १,००० मीटरहून अधिक भरते. रायगड ज्यावर उभा आहे तो कडा, वेरूळची लेणी ज्यात कोरली तो खडक आणि मुंबईत अंधेरीच्या वस्तीत उभा असलेला, उभ्या खांबांचा गिल्बर्ट हिल हे सारे त्याच घटनेचे फलित होय. या दृष्टीने पाहता ठोसेघरचा धबधबा ज्यावरून कोसळतो तो कातळ आणि शामारेलचा कातळ यांच्या वयात जवळजवळ ६ कोटी वर्षांचे, आणि मुंबई व मॉरिशस यांच्यात सुमारे ४,७०० किलोमीटरचे अंतर असले, तरी दोहोंची चूल एकच ठरते. तप्तबिंदूची ही उपपत्ती सर्वच संशोधकांना जशीच्या तशी मान्य नाही, आणि दख्खनच्या उद्रेकामागे आणखी कारणे असावीत असे म्हणणारेही आहेत. परंतु वयाच्या चढत्या क्रमाचा पुरावा इतका भक्कम आहे, की तो बाजूला ठेवून हिंदी महासागराचा इतिहास मांडणे अवघड आहे.

या कथेत अलीकडे एक अनपेक्षित भर पडली. मॉरिशसच्या किनाऱ्यावरील वाळूत झिर्कॉन या अतिशय टिकाऊ खनिजाचे असे कण सापडल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले, जे बेटाच्या वयाच्या मानाने अशक्य वाटावेत इतके जुने होते. वाऱ्याने किंवा माणसांनी ते बाहेरून आणले असतील ही शंका २०१७ च्या अभ्यासाने बरीचशी मिटवली, कारण या वेळी तसे कण थेट बेटाच्या ज्वालामुखीजन्य खडकात मिळाले आणि त्यांपैकी काहींचे वय सुमारे ३०० कोटी वर्षे निघाले. जेमतेम ९० लाख वर्षांच्या बेटात असे कण येण्याचा मार्ग एकच संभवतो, तो म्हणजे वर येणाऱ्या लाव्ह्याने वाटेत लागलेल्या एखाद्या प्राचीन भूखंडाच्या तुकड्यातून ते ओढून आणणे. भारत आणि मादागास्कर एकमेकांपासून विलग होताना मागे राहिलेल्या या बुडीत तुकड्याला संशोधकांनी मॉरिशिया असे नाव दिले आहे.

धबधब्यासाठी जे तिकीट काढावे लागते त्यातच थोड्या अंतरावरील सप्तरंगी माती पाहता येते, आणि खरे तर बहुतेक प्रवासी तिच्यासाठीच आलेले असतात. हिरव्या झाडीच्या मधोमध उघड्या मातीचे काही लहानसे उंचवटे असून त्यांवर लाल, तपकिरी, जांभळ्या, निळसर आणि पिवळट छटांचे पट्टे दिसतात. पूर्वी लोक त्यांवरून चालत असत. आता भोवती लाकडी कुंपण आहे आणि पाहणे बाहेरूनच होते. छटा बरोबर सातच आहेत की कसे, हे उन्हाच्या कलावर आणि पाहणाऱ्याच्या उत्साहावर अवलंबून आहे, आणि सात या आकड्याचा संबंध निसर्गापेक्षा जाहिरातीशी अधिक असावा असे मानण्यास जागा आहे. मातीमागची प्रक्रिया मात्र खरोखर पाहण्याजोगी आहे. उष्ण आणि दमट हवेत लाव्ह्याच्या खडकावर पाण्याची रासायनिक क्रिया दीर्घकाळ होत राहिली, की त्यातील सिलिका, चुना, सोडा यांसारखे विरघळणारे घटक वाहून जातात आणि सहसा न विरघळणारी लोहाची व अॅल्युमिनियमची संयुगे मागे उरतात. लोहामुळे तांबूस आणि तपकिरी छटा येतात, तर निळसर-जांभळ्या छटांचा संबंध अॅल्युमिनियमशी जोडला जातो. अशा मातीत वनस्पतींना लागणारी पोषक द्रव्ये जवळजवळ शिल्लक नसतात, म्हणून हे उंचवटे उघडेबोडके राहिले.

कोकणातील वाचकाला ही प्रक्रिया परकी नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील जांभा याच तऱ्हेने, दख्खनच्या काळ्या कातळाची झीज होऊन लोह आणि अॅल्युमिनियम साचत गेल्याने तयार झाला आहे, आणि कोल्हापूरच्या उंच पठारांवर जेथे अॅल्युमिनियमचे प्रमाण अधिक झाले तेथे बॉक्साइट मिळते. फरक इतकाच, की जांभा हवेत उघडा पडल्यावर कठीण होतो, त्यामुळे चिरेखाणीत त्याचे चिरे पाडून घरे बांधली जातात, तर शामारेलची माती भुसभुशीतच राहिली आणि काचेच्या लहान नळ्यांत भरून पर्यटकांना विकली जाऊ लागली.

मॉरिशस दक्षिण गोलार्धात असल्यामुळे तेथील ऋतू उलटे आहेत, हे सहलीची तारीख ठरवताना विसरून चालत नाही. नोव्हेंबर ते एप्रिल हा उन्हाळा आणि त्यातही जानेवारी ते मार्च हे महिने सर्वाधिक पावसाचे. याच काळात चक्रीवादळे येतात आणि इशारा मिळाला की रस्ते, दुकाने व पर्यटनस्थळे बंद होतात. एरवी वर्षभर आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात, ते बाष्प घेऊन डोंगरांवर चढतात आणि मध्यवर्ती पठाराच्या उंच भागात वर्षाला सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस देतात, तर डोंगरांच्या आडोशाला असलेल्या पश्चिम किनाऱ्यावर तो १,००० मिलिमीटरच्याही खाली राहतो. घाटमाथा आणि माणदेश यांच्यात जो भेद आहे तोच येथे तासाभराच्या रस्त्यात अनुभवास येतो; पश्चिमेच्या टामारिन गावी ऊन इतके खात्रीचे की तेथे मिठागरे चालत, आणि तेथून वर चढत गेले की धुके आणि चिखल. शामारेल या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात मोडते. पाण्याचा जोर पाहायचा तर फेब्रुवारी-मार्च, आणि हवा सुखद व कडा स्वच्छ दिसायला हवा असेल तर मे-जून, असा ढोबळ हिशेब धरता येतो. धबधब्याच्या पायथ्याच्या डोहापर्यंत उतरणारी वाट निसरडी असून ती वाटाड्याशिवाय धरू नये. माथ्यावर पाऊस झाला की दरीतले पाणी पाहता पाहता चढते आणि खाली ऊन असताना त्याची चाहूलही लागत नाही.

कठड्यावरून दिसणारी हिरवाई मूळचीच असेल असे कोणालाही वाटेल, परंतु ती समजूत चुकीची आहे. सतराव्या शतकात डचांनी येथे वस्ती केली तेव्हा हे बेट अरण्याने व्यापलेले होते. आज चांगल्या स्थितीतील देशी जंगल बेटाच्या २ टक्क्यांहूनही कमी क्षेत्रावर उरले आहे. आपल्याकडील टेंभुर्णीच्या जातकुळीतील एबनी हे काळ्या, जड लाकडाचे झाड डचांनी तोडून जहाजांवर चढवले, पुढे फ्रेंचांनी आणि इंग्रजांनी उसासाठी जमीन मोकळी केली, आणि रिकाम्या जागेत बाहेरून आणलेली झाडे माजली. त्यांत सर्वांत चिवट म्हणजे लाल, आंबटगोड फळांचा ‘चिनी पेरू’, जो चीनचा नसून ब्राझीलचा आहे. पर्यटक त्याची फळे रस्त्याकडेला आवडीने विकत घेतात आणि वनरक्षक त्याची रोपे उपटत असतात. शामारेलला लागून असलेले ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान १९९४ मध्ये घोषित झाले, ते या उरल्यासुरल्या जंगलाच्या रक्षणासाठी. १९७४ मध्ये ज्याचे अवघे ४ पक्षी रानात माहीत होते तो मॉरिशसचा लहान ससाणा आणि तितकाच दुर्मीळ झालेला गुलाबी पारवा, हे दोन्ही पक्षी माणसाने अंडी उबवून, पिल्ले वाढवून याच दऱ्यांत पुन्हा सोडले आहेत.

या दुर्गम डोंगरांचा आश्रय माणसांनीही घेतला. मोझांबिक आणि मादागास्करहून गुलाम म्हणून आणलेले लोक उसाच्या मळ्यांतून पळून या भागात लपत असत, आणि शामारेलच्या खाली समुद्रात घुसलेला ५५६ मीटर उंचीचा ल मोर्न हा कडा त्यांचा बालेकिल्ला मानला जातो. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपल्याची वार्ता सांगायला आलेल्या शिपायांना पाहून, आपल्याला पकडायलाच ते आले असे समजून तेथील लोकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी कथा बेटावर सांगितली जाते. २००८ मध्ये ल मोर्नला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. शामारेल गावाची वस्ती आजही प्रामुख्याने क्रिओल, म्हणजे त्या आफ्रिकी पूर्वजांशी नाते सांगणारी आहे, आणि तेथील लहान खानावळींत रानडुकराचे किंवा हरणाचे कालवण वाढले जाते. गावाजवळ कॉफीचे मळे आहेत आणि उसाच्या रसापासून रम बनवणारी भट्टीही आहे.

गुलामगिरी संपण्याच्या सुमारास मळ्यांना मजूर हवे होते, ते भारतातून करार करून नेण्यात आले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलस’ जहाजातून उतरलेल्या ३६ मजुरांपासून सुरू झालेल्या या ओघात पुढील काही दशकांत साडेचार लाखांहून अधिक लोक आले. त्यांतले काही मुंबई बंदरातून, रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा या भागांतून गेलेले मराठी होते. त्यांच्या वंशजांपैकी बहुतेकांच्या घरी आता क्रिओल भाषा बोलली जाते, तरी शाळांतून मराठी शिकवली जाते, कोकणातल्या जाखडीचे गाणे-नाचणे तेथे ‘झाकरी’ या नावाने टिकून आहे आणि गणेशचतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते. बेटावर या उत्सवाचा आरंभ १८९६ मध्ये आँरिएता गावातल्या एका मराठी कुटुंबाने केला असे सांगितले जाते.

आँरिएताचे नाव धबधबे पाहू इच्छिणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे असे आहे, कारण टामारिनच्या सात धबधब्यांची पायवाट याच गावाच्या कडेच्या उसाच्या शेतांतून सुरू होते. शामारेलला एकाच उडीत जे पाणी उतरते ते येथे टप्प्याटप्प्याने, लाव्ह्याच्या एका पायरीवरून दुसरीवर, एकूण सुमारे २९० मीटर खाली येते. दक्षिणेस सुयाक गावाजवळचा रोचेस्टर धबधबा उंचीने जेमतेम १० मीटर असला तरी त्याच्या अंगावरचे उभे, कोनदार खांब इतके रेखीव आहेत, की गिल्बर्ट हिल पाहिलेल्याला ते खडक लगेच ओळखू यावेत. ज्याला एकच दिवस आहे त्याने शामारेल पाहावे. पण ज्याचे गुडघे शाबूत आहेत आणि ज्याच्याजवळ दुसरा दिवस आहे त्याने तो आँरिएताला द्यावा, कारण शामारेलचा कातळ दरीपलीकडून पाहावा लागतो आणि येथे मात्र प्रत्येक पायरीशी थांबून त्याचा सच्छिद्र माथा आणि भरीव पोट हाताने चाचपता येते. वाटाडे गावातच मिळतात, उतरायला व चढून यायला अर्धा दिवस सहज लागतो, आणि पावसाळ्यात पहिल्या दोन-तीन टप्प्यांवरूनच परतणे शहाणपणाचे ठरते.